पापलेटचा आकडा आला, मग पुढे काय?

२०२२ साली आपल्या देशाच्या किनाऱ्यावरचे १३५ मासळीसाठे तपासले आणि त्यातले ९१.१ टक्के ठणठणीत निघाले, असं सीएमएफआरआयचा रिपोर्ट सांगतो. सीएमएफआरआय म्हणजे कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था, १९४७ पासून हेच काम करतेय, कुणी सोम्यागोम्या नाही. आता हे वाक्य सातपाटीच्या नाहीतर अर्नाळ्याच्या बंदरावर जाऊन मोठ्याने वाचून दाखवा आणि तिथला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, काय बोलतो ते ऐका. छापण्यासारखं असेलच असं नाही.

गंमत अशी की दोघंही खोटं बोलत नाहीयेत. रिपोर्टमध्ये साठे मोजलेत, म्हणजे एखाद्या राज्याची एखादी फारशी कुणी न खाणारी मासळी हा एक साठा आणि पापलेट हाही एकच साठा, टक्केवारीत दोघांचं वजन सारखं. तांडेल मात्र टक्केवारी विकत नाही, तो पापलेट विकतो. शिवाय त्याला त्याच्या बापाच्या काळातली जाळी आठवतात आणि रिपोर्टमधल्या हिशेबाला आठवतं ते जेवढा डेटा आत घातलाय तेवढंच.

यावरून आपल्याकडे दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते शास्त्रज्ञांना एसी ऑफिसात बसून काय कळतंय समुद्राचं, दुसरी म्हणते कोळी लोक भावनेवर बोलतात, डेटा बघा. मला दोन्ही पार्ट्यांचा कंटाळा आलाय. मॉडेल लागतंच, त्याशिवाय आज समुद्र सांभाळता येणार नाही. पण मॉडेलमधून आकडा बाहेर आल्यावर कुणी, कधी, काय करायचं हे आकडा यायच्या आधी लेखी ठरलेलं नसेल तर त्या मॉडेलचा उपयोग पीएचडी मिळवण्यापुरताच. आपल्याकडे नेमकं तेच होतंय.

आधी मॉडेल म्हणजे काय ते बघू, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की कुणीतरी सॅटेलाइटने मासे मोजतं. समुद्रातले मासे मोजता येत नाहीत. धक्क्यावर किती उतरले, किती बोटींनी किती वेळ घालवून आणले, कुठल्या मापाचे होते एवढंच आपल्याला दिसतं आणि त्यावरून पाण्याखाली काय उरलं असेल याचा हिशेब लावायचा असतो. सगळ्यात जुना आणि साधा हिशेब मिलनर शेफर या माणसाने १९५४ मध्ये मांडला आणि पुढे पूर्व पॅसिफिकच्या उष्ण पाण्यातल्या यलोफिन ट्युनावर लावला. कल्पना अशी की समुद्र मासळीने गच्च भरलेला असला तर वाढ थांबते, जागा नाही, खाणं नाही. फारच कमी मासळी उरली तरी वाढ कमी, कारण अंडी घालायला माद्याच नाहीत. मधे कुठेतरी, साधारण अर्ध्यावर, वाढ सगळ्यात जास्त असते, तेवढी वरची वाढ काढून घ्यायची आणि मूळ साठा तसाच ठेवायचा. याला मॅक्झिमम सस्टेनेबल यील्ड म्हणतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्र कायद्यातसुद्धा हाच शब्द जाऊन बसलाय. समजावताना सगळे बँकेतल्या मुद्दल आणि व्याजाचं उदाहरण देतात. देऊ देत, फक्त या बँकेत व्याजाचा दर दरवर्षी पाऊसपाणी ठरवतं आणि मुद्दल किती आहे ते पासबुकात लिहिलेलंच नसतं.

थंड देशांत पासबुकाची थोडी सोय होती. माशाच्या डोक्यात कानाजवळ एक छोटा दगड असतो, ओटोलिथ. आपल्याकडे घोळ नाहीतर ढोमा खाणाऱ्यांनी तो पांढरा खडा हमखास बघितलेला असतो. उत्तर समुद्रात हिवाळ्यात मासा कमी वाढतो आणि उन्हाळ्यात जास्त, म्हणून त्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वर्तुळं उमटतात. खडा कापायचा, वर्तुळं मोजायची, वय कळलं. वय कळलं की कुठल्या वयाचे किती मेले ते कळतं आणि त्यावर बेव्हर्टन आणि होल्ट या दोघांनी १९५७ मध्ये अख्खं शास्त्र उभं केलं. आपल्याकडे पाणी बारा महिने कोमट, कित्येक जातींची अंडी घालायची वेळ लांबलचक, एका वर्षात दोनदा पिल्लं येणारेही मासे आहेत, त्यामुळे वर्तुळं पुसट नाहीतर भलत्याच हिशेबाने पडलेली. युरोपातली रीत जशीच्या तशी इथे चालत नाही.

मग यावर तोड काय काढली? माप. दर महिन्याला धक्क्यावर जाऊन शेकडो मासे मोजायचे आणि कुठल्या लांबीचे किती त्याचा ग्राफ काढायचा. जानेवारीत एक उंचवटा आठ सेंटिमीटरवर दिसला, मार्चमध्ये तोच अकरावर सरकला, म्हणजे ती एकाच वेळी जन्मलेली फळी वाढतेय, त्यावरून वाढीचा वेग काढायचा. डॅनियल पॉली या शास्त्रज्ञाने मनिलात बसून १९८० च्या सुमाराला याचं कॉम्प्युटरवर चालणारं तंत्र बनवलं, इलेफान, आणि नंतर ते फिसॅट या पॅकेजमधून सगळ्या गरीब उष्ण देशांत पोचलं. भारतात मत्स्यशास्त्र शिकलेला माणूस फिसॅट न वापरता बाहेर पडला असेल तर तो अपवादच. फुकट, साध्या कॉम्प्युटरवर चालणारं, खडे कापायला लॅब नको. खरोखर मोठं काम आहे ते.

पण त्यातही एक भोक आहे. मासे किती मरतात ते कळलं तरी त्यातले जाळ्याने किती मेले आणि स्वतःहून, म्हणजे मोठ्या माशाने खाल्ल्यामुळे किंवा रोगाने किती, हे वेगळं काढावं लागतं. हे मोजणं जवळपास अशक्य, म्हणून पॉलीने १९८० मध्ये १७५ साठ्यांचा डेटा घेऊन एक फॉर्म्युला दिला. माशाची कमाल लांबी, वाढीचा वेग आणि पाण्याचं तापमान घाला, नैसर्गिक मरणाचा अंदाज बाहेर येतो. अंदाज बरं का. त्याच्यात थोडं इकडे तिकडे झालं की पुढचं सगळं सरकतं. आपल्याकडचे कित्येक पेपर शेवटी एकाच वाक्यावर येतात की एक्स्प्लॉयटेशन रेशो (एकूण मरणातला मासेमारीचा हिस्सा) ०.५ च्या वर आहे सबब साठ्यावर जास्त ताण आहे, आणि तो ०.५ स्वतःच एक ढोबळ ठोकताळा आहे. मी हे शास्त्रज्ञांना खाली दाखवायला सांगत नाहीये, त्यांना हे माझ्यापेक्षा दहापट चांगलं माहीत असतं. पण रिपोर्टमधून बातमीत आणि बातमीतून मंत्र्याच्या भाषणात जाईपर्यंत आजूबाजूचे सगळे जर-तर गळून पडतात आणि एक आकडा दशांश चिन्हासकट छाती काढून उभा राहतो.

याहून मोठी अडचण म्हणजे आपला समुद्र एका माशाचा नाही. ट्रॉलरचं जाळं एकदा ओढलं की राणीमासा, ढोमा, म्हाकूळ, कोळंबी, वाम, चिखलातले खेकडे असं पंचवीस-तीस जातींचं गाठोडं वर येतं. प्रत्येकाचा वाढीचा वेग वेगळा. करंदी वर्षभरात तयार, घोळ मोठी व्हायला कित्येक वर्षं घेते. आता करंदीला झेपेल एवढी मासेमारी ठरवली तर तेच जाळं घोळीला संपवतं, आणि घोळीला झेपेल एवढी ठरवली तर ट्रॉलर बंदरातच बांधून ठेवावा लागेल. शिवाय हे एकमेकांना खातात. बोंबील जवळ्यावर जगतो, आपण जवळाही काढतो आणि बोंबीलही काढतो आणि दोघांचे रिपोर्ट वेगवेगळे लिहितो. हवाईजवळच्या एका प्रवाळी बेटासाठी जेफ्री पोलोविनाने १९८४ मध्ये इकोपाथ नावाचं मॉडेल केलं, कोण कुणाला किती खातं याचा अख्खा ताळेबंद. ते आपल्याकडेही वापरलं गेलंय. पण त्याला एवढी माहिती लागते की अर्ध्या ठिकाणी अंदाजच भरावे लागतात.

म्हणून उष्ण कटिबंधात 'या माशाचे अमुक टन पकडा, पुढे बंद' असली कोटा पद्धत मला तरी खुळचटपणा वाटते. नॉर्वेत चालत असेल. इथे शेकडो उतरायच्या जागा, हजारो बोटी, अर्धी मासळी धक्क्यावर यायच्या आधीच विकलेली, कोण मोजणार टन? इथे नियम जाळ्याच्या आसावर (म्हणजे भोकाच्या मापावर), मासळीच्या मापावर, जागेवर आणि महिन्यावरच बसवावे लागतात आणि मॉडेलने उत्तर द्यायचं ते या चार गोष्टींचं.

बोटीच्या तासावरून साठा ओळखायची पण एक खोड आहे. समजा तासाला मिळणारी मासळी दहा वर्षं तेवढीच आहे, म्हणजे साठाही तेवढाच का? नाही. या दहा वर्षांत इंजिन मोठं झालं, जीपीएस आलं, फिश फाइंडर आला, बर्फाची टाकी वाढली, बोट एका दिवसाऐवजी आठ-दहा दिवस बाहेर राहायला लागली. पर्ससीनवाल्याला, म्हणजे अख्ख्या थव्याला जाळ्याने वेढून उचलणाऱ्याला, तर सोनार यंत्रावर थवा दिसतो, समुद्रात शंभर थवे असोत की दहा, तो जातो थव्यावरच आणि जाळं भरूनच येतो. ग्राफ सरळ, आणि एक दिवस धाडकन खाली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला कॉड माशाचं हेच झालं. जगातले एक नंबरचे शास्त्रज्ञ, थंड पाणी, वय मोजता येतं, मासाही मुख्य एकच, आणि तरी मोठ्या ट्रॉलरच्या आकड्यांवर विसंबून साठा आहे त्यापेक्षा खूप जास्त धरला गेला. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार आधीची कित्येक वर्षं ओरडत होते की मासा बारीक होतोय, कमी येतोय. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली, तीसेक हजार माणसं एका फटक्यात घरी बसली. त्यांचं ओरडणं मॉडेलमध्ये टाकायला रकानाच नव्हता.

उलटही होतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात फक्त २.०१ लाख टन मासळी उतरली, पंचेचाळीस वर्षांतली सगळ्यात कमी, आणि लगेच समुद्र संपला अशा हेडलाइन आल्या. त्या वर्षी अरबी समुद्रात क्यार आणि महा ही वादळं पाठोपाठ आली होती, ऐन हंगामात बोटी बंदरात होत्या. उतरलेली मासळी कमी म्हणजे पाण्यातली कमी असं सरळ धरता येत नाही. हे वेगळं काढायलाच तर मॉडेल लागतं, नुसत्या डोळ्याने आणि नुसत्या अनुभवाने ते होत नाही, आणि इथे मी 'आम्हाला समुद्र कळतो, तुमचा कॉम्प्युटर नको' म्हणणाऱ्या मित्रांच्या विरोधात आहे. वर्सोव्याच्या नाखव्याला वर्सोव्याचं पाणी कळतं, पण तोच बोंबील तिकडे गुजरातेत जाफराबादला किती निघाला हे त्याला बोटीवरून कसं दिसणार?

केरळच्या तारलीचं बघा. २०१२ मध्ये एकट्या केरळात जवळपास ३.९ लाख टन तारली निघाली. २०२१ मध्ये ३,२९७ टन. वाचताना चुकला नाहीत, लाखावरून हजारावर. काही भाग एल निनोचा, तारली पाण्याच्या तापमानाला आणि पावसाला फार नाजूक, जुन्या नोंदीतसुद्धा तिचे असे चढउतार आहेत. पण मधल्या काळात बारीक पिल्लंही भरमसाट उपसली गेली, माशांची भुकटी करणाऱ्या फिशमीलच्या कारखान्याला काय, कुठलंही माप चालतंच. निसर्ग आणि माणूस दोघांनी मिळून केलेल्या कामाचं बिल एकट्या निसर्गावर फाडायचं ही आपली जुनी सवय. आणि थायलंडच्या आखातात तर निसर्गावर ढकलायलाही जागा नाही, तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉलर आले तेव्हा सर्व्हेच्या बोटीला तासाला अडीचशे-तीनशे किलो मासळी मिळायची, ऐंशीच्या दशकात ती पन्नासच्या आसपास आली. एकूण टनांचा आकडा मात्र बराच काळ छान दिसत होता, कारण मोठ्या मासळीची जागा बारीक कचरा मासळीने भरून काढली होती.

आपल्याकडेही असे प्रसंग होऊन गेलेत, फक्त विसरले गेलेत. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून फिरतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. कर्नाटकाच्या बाजूला पर्ससीन आल्यावर असे अंडीवाले शिंगाळे थव्यानेच्या थव्याने जाळ्यात आले, डेकवर अंड्यांचा सडा पडायचा. शिंगाळा त्यातून पुन्हा कधी नीट वर आला नाही. मुंबईच्या शेवंडीचंही (लॉबस्टरचं) तेच. यातल्या एकासाठीही फार मोठं मॉडेल लागत नव्हतं. अंडीवाली मासळी एवढी दिसली की जाळं उचला, असा एक नियम लागत होता.

बरं, महाराष्ट्रात नियम नाहीत का? भरपूर आहेत. १९८१ चा सागरी मासेमारी कायदा आहे, २०२१ मध्ये दंड वाढवले. सोमवंशी समितीचा अभ्यास झाला आणि ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर बंधनं आली. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी आहे. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि ५४ जातींसाठी कमीत कमी माप ठरवलं गेलं, पापलेटला १३५ मिलिमीटर. केरळने हे २०१५ मध्ये १४ जातींवर सुरू केलं आणि २०१७ मध्ये ५८ जातींपर्यंत नेलं, आणि तिथल्या किळीमीनला, म्हणजे आपल्या राणीमाशाला, त्याचा फायदा झाल्याचं सीएमएफआरआयनेच सांगितलंय. जानेवारी २०२५ पासून आपल्या किनाऱ्यावर ड्रोनही फिरतायत.

पण हे सगळे नियम स्थिर आहेत, म्हणजे एकदा ठरले की ठरले. मासळी वाढली तरी तेच, घटली तरी तेच. ६१ दिवस का? ६५ का नाहीत, ५० का नाहीत? नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा अशी मागणी कोळी संघटना दरवर्षी करतात आणि दरवर्षी तो विषय निवेदनं, मंत्रालय, फोटो असा फिरून संपतो. त्याच्या बाजूने किंवा विरोधात त्या वर्षीच्या मासळीच्या मापांचा एक ग्राफसुद्धा टेबलावर येत नाही. म्हणजे एकीकडे मॉडेलं चालतात, रिपोर्ट छापले जातात, आणि दुसरीकडे निर्णय होतात, आणि मधे पूलच नाही. १३५ मिलिमीटरचा नियम मोडला तर बाजारात बसलेल्या मावशीची टोपली उलटी करणं सोपं असतं, मधल्या समुद्रात त्याच मापाची पिल्लं टनाने उचलणाऱ्या बोटीपर्यंत पोचणं अवघड, आणि कुठलं काम आधी होतं ते सांगायला नको. (हॉटेलवाले 'प्लेट साइज' पापलेट मागतात आणि आपण ते चवीने खातो, तो भाग वेगळाच.)

मला हवाय तो पूल असा. हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मासळी हातात आणि कर्ज डोक्यावर यायच्या आधी, नियम ठरवा. धक्क्यावर मोजलेल्या पापलेटमध्ये मापाखालचे अमुक टक्क्यांच्या वर गेले तर त्या पट्ट्यातली डोल, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, इतके आठवडे उचलायची. दुसऱ्या पायरीला ट्रॉलरचीही पाळी. तीन वर्षं सरासरी माप वाढलं तर बंदी एक आठवड्याने कमी. हो, कमीसुद्धा, नाहीतर मच्छीमाराला मोजायला मदत करण्यात काय रस? अमुक म्हणजे किती हे मी ठरवणार नाही आणि कोचीनेही एकट्याने ठरवू नये. मॉडेलचं खरं काम इथे आहे, दहा वेगवेगळे नियम कॉम्प्युटरवर पंचवीस वर्षं चालवून बघायचे, मधे दोन एल निनो आणि चार वादळं टाकायची, नैसर्गिक मरणाचा अंदाज चुकीचा धरून बघायचा, आणि कुठला नियम आपण चुकलो तरी तरतो ते शोधायचं. अगदी बरोबर आकडा शोधत बसण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगाचं आणि जास्त प्रामाणिक आहे. मग त्यातले दोन-तीन मच्छीमार सोसायट्यांपुढे ठेवायचे, मराठीत, कोळीवाड्यात बसून, आणि त्यांनी भांडून एक निवडायचा.

मोजणार कोण? तेच. यात काही नवीन नाही. पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर जेरेमी प्रिन्स या शास्त्रज्ञाने मच्छीमारांनाच मासे मोजायला आणि पोट फाडून पिकलेत की नाही बघायला शिकवलं. लांबी आणि पिकण्याचं माप एवढ्यावर चालणारं साधं मॉडेल, त्यातून निघालं की पकडलेल्या माशांत मोठा हिस्सा एकदाही अंडी न घातलेल्यांचा आहे. स्वतःच्या हाताने मोजलेलं असल्यामुळे त्यावर वाद कमी झाला आणि मापाचे नियम गावांनी स्वतःच पुढे नेले. आपल्याकडे सोसायट्या आहेत, लिलावाच्या नोंदी आहेत, कॉलेजात शिकणारी पोरं आहेत. आता कुणी म्हणेल खोटी मापं लिहितील. लिहितील ना काही जण. म्हणूनच सीएमएफआरआयचा स्वतःचा सॅम्पल सर्व्हे बाजूला चालू ठेवायचा आणि दोन्ही ताडून बघायचे, ज्या बंदराचं जुळत नाही त्या बंदराला जास्त कडक नियम. डिझेल परताव्याशी नोंदी जोडल्या तर वहीही भरली जाईल, फक्त परतावा वेळेवर द्यायचा, नाहीतर तेही हसण्यावारीच जाणार.

नियम आधी ठरवला म्हणजे सगळं सुटलं असं नाही, हेही हिंदी महासागरातच दिसलंय. इंडियन ओशन ट्युना कमिशनने मालदीवच्या पुढाकाराने २०१६ मध्ये स्किपजॅक ट्युनासाठी असाच आधी ठरवलेला नियम घेतला. साठा अमुक तर पकड तमुक, मॉडेल चालवा, आकडा काढा, भांडण नको. २०१८ ते २०२० साठी आकडा आला वर्षाला ४,७०,०२९ टन. छान. आणि २०१८ मध्येच देशांनी मिळून त्याच्या कितीतरी वर मासा काढला, कारण एकूण किती ते ठरलं होतं, कुणाच्या वाट्याला किती ते ठरलंच नव्हतं. भारत त्या कमिशनचा मेंबर आहे. त्यामुळे वाटा हा प्रश्न टाळून चालत नाही, आणि पापलेटच्या बाबतीत तो प्रश्न गुजरातचा आहे.

कुठल्याही कोळीवाड्यात थांबा म्हटलं की पहिलं उत्तर हेच येतं, आम्ही थांबलो तर गुजरातची बोट घेऊन जाईल, मग आमच्या पोरांनी काय खायचं? उत्तर चुकीचं नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल राज्याचे, पुढे केंद्राचं पाणी, आणि पापलेटला यातलं काहीच माहीत नाही, सौराष्ट्रापासून कोकणापर्यंत तो एकाच पाण्यात फिरतो. अशा वेळी महाराष्ट्राने एकट्याने केलेलं मॉडेल म्हणजे अर्ध्या साठ्याचं मॉडेल आणि एकट्याने पाळलेली बंदी म्हणजे शेजाऱ्याला दिलेली मासळी. केंद्राला इथे कुणी हात बांधलेले नाहीत, पश्चिम किनाऱ्याच्या ६१ दिवसांच्या तारखा केंद्राच्या पाण्यासाठी केंद्रच काढतं. गुजरात, दमण आणि महाराष्ट्र यांच्यासाठी पापलेट आणि बोंबील या दोन जातींचं एक टेबल करा, दोनच जाती, ५४ नकोत सुरुवातीला. त्या टेबलावर तिन्हीकडच्या सोसायट्यांची माणसं बसवा, डोलवाले, दालदीवाले (कल्ल्यात मासा अडकवणाऱ्या जाळीचे) आणि ट्रॉलरवाले वेगवेगळे, कारण ट्रॉलरवाला डोलवाल्याच्या वतीने बोलू शकत नाही. त्या टेबलापुढे जो हिशेब येईल तो कच्च्या मापांसकट सगळ्यांना बघायला खुला ठेवा, आणि आकडा एकच न देता 'इतका ते इतका' असा द्या, लोकांना रेंज कळते, रोज हवामान बघून समुद्रात जाणाऱ्या माणसाला तर नक्कीच कळते.

ट्रॉलरवाल्यांचा विरोध होणार आणि तो नुसता लोभाचा नाही, बोटीवर बँकेचं कर्ज आहे, खलाशांना उचल दिलेली आहे, आठ आठवडे ऐवजी दहा आठवडे बोट उभी म्हणजे हप्ता चुकला. त्यामुळे बंदी वाढवणाऱ्या नियमाच्या खालीच, त्याच कागदावर, त्या जास्तीच्या आठवड्यांचे पैसे कुठून येणार ते लिहिलेलं पाहिजे, खलाशाचे आणि बाजारात बसणाऱ्या बायकांचेही, मालकाचेच नाही. तो रकाना रिकामा असेल तर कोळ्यांनी सही करू नये, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही केली नसती.